तांबड्या माळाची साक्ष

मातीसाक्ष घेणारं यंत्र तांबड्या माळावर येणार हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आनंद वैजयंता शेलारला झाला. ते यंत्र तिनंच मागवलं होतं.

सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवर, पाऊस जिथवर यायचा कंटाळा करतो, तिथं हा माळ आहे. वैजयंता त्या भागाची वनक्षेत्रपाल. तालुक्यात लोक तिला रेंजरबाई म्हणत, पण माळाच्या पायथ्याच्या गावात ती अजून हौसाआक्काची पोरगीच होती. माळावरचं जंगल हौसाआक्कानं, म्हणजे तिच्या आईनं, गावातल्या बायकांना घेऊन उभं केलेलं. वनखात्यानं रोपं दिली, बायकांनी समपातळी चर खणले, आणि उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन एकेक रोप जगवलं. दारातला बहावा तर वैजयंताच्या आधी दोन वर्षं लावलेला, म्हणून आई त्याला तिची थोरली बहीण म्हणायची. मायलेकींचं वाजलं की आई झाडाकडं गाऱ्हाणं नेई, "बघ गं, धाकटी तुझी कशी बोलतीया मला."

आता त्या जंगलाच्या जागी सौरपट्ट्यांचा प्रकल्प आणायचं घाटत होतं. जमीन सरकारी, ऊन फुकटचं. जंगल वाचवायचा एकच उपाय उरला होता, तो म्हणजे त्याला 'मूळ वन' हा दर्जा मिळवणं. तो मिळाला की त्या जमिनीला कुणालाही हात लावता येत नसे. आणि तो दर्जा देणं मंत्र्याच्या हातात नव्हतं, न्यायाधीशाच्याही नव्हतं. ते मातीच्या हातात होतं.

याची हकिकत समजायची तर थोडं मागं जायला हवं. इंग्रजांना रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं. ज्या झाडाचं लाकूड कामी येई ते झाड, बाकी सगळा पाला, असा त्यांचा हिशेब. त्यांनी मिश्र जंगलं तोडून सागाच्या रांगा उभ्या केल्या, आणि जिथं झाडंच नव्हती त्या जमिनीला 'पडीक' म्हटलं. साहेब गेला, शब्द राहिला. मग पडीक जमिनींवर कधी निलगिरी आली, कधी सुबाभूळ, कधी गिरिपुष्प. पुढं माणसांना बाहेर काढून जंगल राखायचं ठरलं, ते जमेना तेव्हा माणसांना सोबत घेऊन राखायचं ठरलं. जंगल कसं असावं हे प्रत्येक पिढीच्या साहेबाला पक्कं ठाऊक असे, आणि प्रत्येकाचं जंगल निराळं असे.

या घोळावर उतारा म्हणून मातीसाक्ष आली. तिच्यामागची कल्पना साधी होती. कुठलाही जीव जिथं जगतो तिथं स्वतःचे कण सांडत असतो. पान कुजतं, पराग उडतो, लेंडी पडते, पीस गळतं. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची जनुकीय ओळख असते. ती लवकरच तुटते, पण तिचे बारीक तुकडे चिकणमातीच्या कणांना धरून राहतात, लोकरीला कुसळं धरून राहतात तसे. आपल्या उष्ण हवेत ते तुकडे फार झिजलेले असायचे, त्यामुळं बरीच वर्षं ते कुणाला वाचता आले नाहीत. मग ते वाचणारी यंत्रं निघाली. पोकळ नळी जमिनीत उतरवायची, मातीचा उभा दांडा अखंड बाहेर काढायचा आणि थराथरातले तुकडे जुळवायचे. वरच्या थरात आजचं जग, खालच्या थरांत पणजोबांचं आणि त्यांच्याही पणजोबांचं.

सह्याद्रीतल्या सागाच्या मळ्यांची साक्ष घेतली तेव्हा खाली अंजनी, जांभूळ, हिरडा आणि वेतांची जाळी निघाली. माती म्हणाली तशी झाडं लावली गेली. धनेश परत आले, आटलेले झरे वाहू लागले. लोक हरखले. 'माती खोटं बोलत नाही' ही म्हण झाली आणि पाठोपाठ 'मूळस्वरूप कायदा' झाला. वनजमीन मातीच्या साक्षीनुसार मूळ रूपात न्यायची, बास. साहेबांची मतं संपली.

वैजयंताला निकालाची धाकधूक नव्हती. इंग्रजांच्या आधी इथं दाट जंगल असणार, ते तोडलं म्हणून माळ उघडा पडला, हे तिला शाळेपासून शिकवलं होतं. आईनं जे लावलं ते म्हणजे गेलेलं परत आणलं, अशी तिची श्रद्धा होती.

यंत्राबरोबर डॉ. रेमंड डाबरे आले. हे वसईचे. केसांत पांढरं, बोटांच्या पेरांत माती, आणि बोलताना मधेच मातीचा खडा उचलून हुंगायची सवय. करंजाच्या सावलीत यंत्राची नळी घरघरत खाली जाऊ लागली तशी हौसाआक्का काठी टेकत तिथं येऊन बसली.

"आजी, ही माती सांगेल इथं पूर्वी काय काय होतं," डाबरे म्हणाले.

"तिला कशाला तरास? मला इचारा की. दगूड हुता."

डाबरे हसले. "आणि दगडाच्या आधी?"

"त्याच्या आधी आमी न्हवतो हितं. आमी धरनातली मानसं."

मग तिनं सांगितलं. डोंगरातलं त्यांचं खोरं धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ती चालती-बोलती पोर होती. ट्रकमधून सगळ्या गावाला या माळावर आणून सोडलं. तिच्या आईनं धुडक्यात हिरड्याच्या बिया बांधून आणल्या होत्या. "हिरडा काय जगला न्हाय. पर झाडाबिगर आमच्या मानसास्नी करमंना. रानातली मानसं आमी. उघड्यावर निजल्यागत वाटायचं. मग जे जगंल ते लावत सुटलो."

"आजी, तुम्ही लावलेल्या या करंजाखाली बसून चहा मिळेल का?"

"चा कशाला, जेवूनच जावा," असं म्हणून तिनं वैजयंताला घरी पिटाळलं. दुपारी डाबऱ्यांनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं असं काही खाल्लं, की नळी वर काढायला त्यांना माणसं बोलवावी लागली. त्या दिवसापासून ते हौसाआक्काला फोन करायला लागले. विचारायचे काहीतरी मातीचं, आणि बोलणं मात्र जेवणावर जायचं.

निकाल लागला तेव्हा त्यांनी तो फोनवर सांगितला नाही. वैजयंताच्या कचेरीत येऊन, दार लोटून घेऊन बसले.

"जंगल नाही, मॅडम."

"म्हणजे तुटलेलं?"

"नव्हतंच. वाचता येतं तितक्या खोलवर गवत आहे. पवन्या, शेडा, कुसळी, मारवेल. मधूनमधून एखादी बोर, एखादा हिवर. चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तणमोर आहे. मेंढ्या आहेत, त्यासुद्धा पुष्कळ जुन्या. पण दाट झाडी एकाही थरात नाही. आहे ती फक्त सगळ्यांत वर. आजींची."

वैजयंता उठून खिडकीपाशी गेली. "पण उघडा माळ म्हणजे नासलेलं जंगल, असंच शिकलो ना आम्ही?"

"सगळेच तसं शिकलो. माळ हे मोडलेलं जंगल नाही. तो स्वतःच एक भरलेला संसार असतो. त्याचं धन जमिनीखाली, मुळांत असतं, म्हणून वरून बघणाऱ्याला तो रिकामा वाटतो. गवतात अंडी घालणाऱ्या पाखराला झाडावरचा ससाणा म्हणजे काळच. सावली पडली की गवत जातं, गवत गेलं की बाकीचे जातात."

"मग आमच्या बायांनी जन्मभर केलं काय?"

"झाडं लावली. जीव लावून लावली." डाबरे हळूच म्हणाले, "जागा मात्र दुसऱ्याची होती."

सौरपट्ट्या आता येणार नव्हत्या. माळाला 'मूळ माळ' हा दर्जा मिळाला. पण दर्जाच्या पाठोपाठ कायद्यानं आदेशही आला, की झाडं टप्प्याटप्प्यानं काढावीत. काढायची कुणी, तर त्या भागाच्या वनक्षेत्रपालानं.

आईला सांगायचं वैजयंताच्यानं होईना. ती घरी जायची, जेवायची, आईचे पाय चेपायची आणि न बोलता परतायची. शेवटी आईनंच विषय काढला. ती अंगणात जोंधळा पाखडत होती.

"काय गिळून बसलीयास? बदली झाली का काय?"

वैजयंतानं सांगून टाकलं. सुपाचा आवाज थांबला. आईनं सूप मांडीवर घेतलं आणि माळाकडं तोंड केलं. वैजयंताला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्ही तिनं झेललं असतं.

"काळं पाखरू," आई म्हणाली.

"काय?"

"ट्रकातनं उतरलो तवा त्या दगडांतनंबी गवात माझ्या डोस्क्याच्या वर हुतं. पावसाळ्यात त्या गवतातनं एक काळं पाखरू उडी मारायचं. सरळ वर, फडफड करायचं, आन् पुना खाली. पुना वर. कोन नाचिवतंय जनू त्याला. आमी पोरं दिसभर त्येच बघायचो. मागनं दिसंनासं झालं. मला वाटायचं आमच्यावर रुसलं."

"तणमोर होता तो, आई."

"असंल. आमी झाडं लावली तवा त्याला कुनी इचारलं न्हाय." तिनं सूप परत उचललं. "पर दारातल्या बहाव्याला हात लावशील तर खबरदार. त्यो माळावर न्हाय, माझ्या घरात हाय."

ग्रामसभा झाली. बायका रडल्या, तरुण पोरं चिडली. मग म्हाळाप्पा करांडे उठला. हा मेंढपाळ. गावाच्या पल्याड त्याच्या लोकांची दहा-बारा घरं. जंगल लागलं तेव्हा चराईबंदी झाली आणि त्याच्या बापाला कळप घेऊन लांबलांब हिंडावं लागलं.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्या बानं एकदा मेंढरं आत घातली हुती, तवा तुमच्या बायांनी काठ्या उगारल्या हुत्या."

"बायांनी न्हाय, मी उगारली हुती," हौसाआक्का म्हणाली. "आन् हानलीबी हुती एक."

सभा हसली. म्हाळाप्पाही हसला. "पर मलाबी झाडं तोडूशी वाटत न्हाईत. मेंढरं माझी त्या सावलीलाच बसत्यात. समदं एकदम काडू नगा. सवय हुऊ द्या, आमालाबी आन् मेंढरांसबी."

तसंच ठरलं. पहिलं झाड पाडायच्या दिवशी हौसाआक्का सगळ्यांच्या पुढं होती. तिनं करंजाच्या बुंध्यावर हात फिरवला, कानात सांगावं तसं काहीतरी पुटपुटली आणि बाजूला झाली. वैजयंतानं नोकरीत कितीतरी झाडतोडी पकडल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं स्वतः करवत चालवायचा हुकूम दिला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

दोन पावसाळे गेले. पश्चिमेचा उतार मोकळा झाला होता आणि गवत कंबरेला लागत होतं. एका ढगाळ सकाळी म्हाळाप्पा धापा टाकत आला आणि हौसाआक्काला पाठंगुळीला घेऊनच माळावर निघाला. वैजयंता मागोमाग धावली. गवतातून एक काळं पाखरू उसळलं, हवेत क्षणभर फडफडलं आणि खाली गेलं. पुन्हा उसळलं. म्हाळाप्पाच्या पाठीवरून हौसाआक्का टाळ्या पिटत ओरडली, "आलं गं बया, आलं! रुसवा गेला त्याचा!" वैजयंतानं आईला इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. कायद्यावरचा तिचा उरलासुरला राग त्या सकाळी गेला.

याच काळात कायद्यानं एक पाऊल पुढं टाकलं, आणि तेही चांगलंच होतं. मातीच्या थरांत झाडं आणि पाखरं होती तशी माणसंही होती. माणूसही कण सांडतोच. त्वचा, केस, घाम. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहून हातात कागद नसलेल्या आदिवासींना त्यांचे हक्क पूर्वी सिद्ध करता येत नसत. आता माती त्यांची साक्ष देऊ लागली. आरोग्यकार्डासाठी सगळ्यांनीच कधी ना कधी लाळ दिलेली होती. तिच्याशी थरातली माणसं जुळवली की रक्ताचं नातं निघे. कितीतरी पाड्यांना असा न्याय मिळाला. म्हाळाप्पाच्या लोकांनाही माळावर चराईचा हक्क मिळाला. हौसाआक्कानं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि त्याच्या बापाला मारलेल्या काठीबद्दल त्याला एक पोळी जास्तीची वाढली.

मग लोकांनी विचारलं, की हे फक्त वनजमिनीलाच का? गायरानाला का नाही? गावठाणाला का नाही? शहरातल्या जमिनीनं काय पाप केलंय? जंगलाला जो न्याय, तो माणसाला नको का? याला उत्तर देणं कुणालाच जमलं नाही, कारण प्रश्न रास्त वाटत होता. मूळस्वरूप कायद्यातून 'वनजमीन' या शब्दातला 'वन' काढून टाकण्यात आला. दुरुस्ती एवढीच.

बोलण्यात एक नवा शब्द आला, 'बोटं'. तुमची माणसं मातीत किती बोटं खोल सापडतात, त्यावरून तुमची ओळख. ज्यांची हातभर खोल ती माणसं आता ताठ चालू लागली. गावातली पोरं खेळताना भिडू वाटायची ती बोटं विचारून. एकदा पाण्याच्या टाकीपाशी एक नवी सून हौसाआक्काला अगदी मायेनं म्हणाली, "आजी, तुम्ही नंतर भरा हं. म्हाळाप्पांच्या घरच्यांना आधी भरू द्या. ती खोलची माणसं." हौसाआक्कानं हंडा बाजूला घेतला. म्हाळाप्पाच्या बायकोनं मान खाली घातली, पण हंडा पुढं केला.

वैजयंतानं डाबऱ्यांना बोलावून घेतलं. ते आले, पण या खेपेला त्यांनी वाटेत एकही खडा उचलून हुंगला नाही. जेवायला बसले तेही हौसाआक्कानं हात धरला म्हणून.

"डॉक्टर, गावठाणाची साक्ष आली का?" वैजयंतानं विचारलं.

"आली. शेलार आणि तुमच्या खोऱ्यातली सगळी घरं अगदी वर. नखाएवढा थर."

"मग काय, गाव करांड्यांचं?"

"तेही नाही. करांडे तीन-चार बोटं. त्यांच्या खाली दुसरीच माणसं आहेत, त्यांच्याही खाली तिसरी. कायदा म्हणतो सगळ्यांत खोल थराचे वारस शोधा. वारस कुठंतरी असतातच, मॅडम. त्यांना स्वतःला ठाऊक नसतं इतकंच."

"आणि तुमच्या वसईला?"

डाबऱ्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "माझ्या आजोबांची केळीची वाडी होती. तिच्यावर सात मजली इमारत झाली. तिथं सगळ्यांत खोल आमचीच माणसं निघाली, आणि परवा ती जागा माझ्या नावावर आली. इमारतीतली माणसं सामान बांधतायत. त्यातली एक बाई जिन्यात मला म्हणाली, सर, एक महिना थांबाल का, मुलाची परीक्षा आहे." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला. "मी जन्मभर त्या वाडीसाठी हळहळलो हो. मला वाटलं होतं, ती परत मिळाली तर किती बरं वाटेल."

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. यंत्र तुमचं आहे."

"यंत्र चुकलेलं नाही, तेच तर. मातीला विचारलं, इथं आधी कोण होतं? तिनं खरं सांगितलं. आता इथं कोणी राहावं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण लोकांना दोन्ही प्रश्न एकच वाटले. मलाही काही वर्षं तसंच वाटलं." ताट बाजूला सारत ते म्हणाले, "गवतासाठी बहुधा ते दोन्ही प्रश्न एकच आहेत."

हौसाआक्का इतका वेळ तव्याशी बसून ऐकत होती. "डाक्टर, मग आमास्नी आमच्या खोऱ्यात धाडत्याल का? तितं तर आमी लई खोल असनार. देवाच्या वाडीत माझ्या आज्याच्या आज्याचं घर हुतं."

डाबऱ्यांना तिच्याकडं बघवेना. "आजी, ते खोरं पाण्याखाली आहे. तिथल्या मातीवर धरणाचा गाळ बसलाय. नळी तिथवर जात नाही. कागदोपत्री त्याला 'मूळस्थान अनुपलब्ध' म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे... अजून ठरलेलं नाही."

"बरं," हौसाआक्का म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

गावठाणाचा आदेश महिन्या-दोन महिन्यांत आला. गावठाणाच्या सगळ्यांत खोल थरातल्या माणसांचे वारस राज्यभर सापडले होते. कुणी नांदेडला गवंडी, कुणी पुण्यात परिचारिका. त्यांनी येऊन आपापली जागा ताब्यात घ्यायची होती. कायदा मुळात वनखात्याचा, म्हणून सीमा आखून द्यायचं काम वनक्षेत्रपालाकडं, म्हणजे वैजयंताकडंच होतं. तिनं रजा टाकली, ती नामंजूर झाली. तिनं राजीनामा लिहिला आणि खिशात घेऊन हिंडत राहिली, कारण ती गेली असती तर दुसरा कुणी आला असता, आणि त्यानं आधी दारातल्या बहाव्यावरच करवत चालवली असती.

एका भर दुपारी ती आईकडं आली तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. विशी-बाविशीची. पाठीवर पिशवी, हातात चाकांची बॅग, पायांत शहरी बूट लाल मातीनं माखलेले. ती फोनमधला नकाशा बघायची आणि परत घराकडं बघायची.

"हे... तेरा नंबरचं घर का?" तिनं विचारलं.

"नंबर-बिंबर काय न्हाय बाई. हौसाआक्काचं घर म्हंत्यात," आतून आई म्हणाली. "उनात का उभी? आत ये की."

मुलगी उंबऱ्याशी घुटमळली. तिचं नाव अन्वी कुचेकर. पनवेलला राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्या पनवेलच्या इमारतीची जमीन दुसऱ्याच कुणाची निघाली. आई-वडिलांना वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आदेश आले, कारण दोघांची माती वेगळी होती. तिला हा आला.

"मी इथं कधीच आले नव्हते," ती सारखी म्हणत होती, जणू तिच्यावर काही आळ आला होता. "आमच्यात कुणाला हे गावसुद्धा माहीत नव्हतं. आजी, खरंच. मी मागितलं नव्हतं."

"न्हाय गं. बस." हौसाआक्कानं तिला पाण्याचा तांब्या दिला. मुलीनं तो एका दमात संपवला. तिच्या पाठीवरची पिशवी अजून तशीच होती, पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. हौसाआक्का त्या हातांकडं बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं एकेक पट्टा सोडवला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

"मला पन आसंच आनून सोडलं हुतं," ती म्हणाली. "तुज्याहून ल्हान हुते. पयले दोन दिस लई वंगाळ जात्यात. मग जरा बरं वाटतं."

मुलगी एकदम रडायला लागली. हौसाआक्कानं तिला जवळ ओढलं. वैजयंता दारातच उभी होती. तिच्या हातात सीमा आखायची फीत होती. ती तिनं पाठीमागं लपवली.

"किती दिवस राहणार तू?" वैजयंतानं शक्य तितक्या हळू विचारलं.

"त्यांनी 'कायम' लिहिलंय." अन्वीनं डोळे पुसले, घराच्या भिंती, तवा, खुंटीवरचं लुगडं यांवरून तिची नजर फिरली, आणि आता कुठं तिच्या लक्षात आलं. ती वैजयंताकडं वळली, मग म्हातारीकडं.

"पण आजी, मग तुम्ही कुठं जाणार?"

हौसाआक्कानं परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं. वैजयंतानं आईकडं पाहिलं, पण आईनं मान वर केली नाही. ती दोन्ही हातांनी पीठ मळत होती, नेहमीपेक्षा जरा जोरानं.

"आधी जेव," ती म्हणाली.